कल्ट ऑफ द लॅम्ब : समीक्षकांचा प्रतिसाद

कल्ट ऑफ द लॅम्ब हा ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मॅसिव्ह मॉन्स्टर या स्टुडिओने घडवलेला आणि डेव्हॉल्व्हर डिजिटलने ११ ऑगस्ट २०२२ रोजी प्रकाशित केलेला इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र स्टुडिओचा, व्हिडिओ गेम. पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो स्विच यांवर तो एकाच दिवशी आला आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख खेळाडूंपर्यंत पोहोचला. भुयारांतली मारामारी आणि वसाहतीचा कारभार असे दोन वेगळे खेळ यात एकत्र बांधले आहेत. परीक्षणांतील गुणांची सरासरी शंभरात ऐंशीच्या आसपास राहिली, म्हणजे स्वागत चांगलेच झाले. मात्र गुण जुळले तरी कारणे जुळली नाहीत. एकाला जो भाग खेळाचा प्राण वाटला, तोच दुसऱ्याला कंटाळवाणी हमाली वाटली.

खेळाची मांडणी

जुन्या श्रद्धेचे चार धर्माधिकारी जगातल्या शेवटच्या कोकराचा बळी देतात, इथून कथा सुरू होते. साखळदंडात अडकलेला एक देव त्या कोकराला परत जिवंत करतो, डोक्यावर लाल मुकुट ठेवतो आणि बदल्यात आपल्या नावाने पंथ उभारायला सांगतो. पुढचा खेळ दोन ठिकाणी चालतो. डार्कवुड, अन्युरा, अँकरडीप आणि सिल्क क्रेडल या चार प्रदेशांत कोकरू मोहिमेवर निघते. प्रत्येक मोहिमेत खोल्यांची रचना नवी असते. तलवार, कुऱ्हाड, खंजीर किंवा पंजा यांपैकी जे हाती येईल त्यावर भागवायचे, वाटेत मिळणाऱ्या टॅरो पत्त्यांनी बळ वाढवायचे आणि अखेरीस बॉसला, म्हणजे त्या मोहिमेच्या बलाढ्य शत्रूला, पाडायचे. मोहिमेत सोडवलेले प्राणी वस्तीवर येऊन अनुयायी होतात.

वस्तीवर शेत पिकवायचे, स्वयंपाक करायचा, झोपायच्या जागा बांधायच्या, आजाऱ्यांची सोय बघायची, विष्ठा साफ करायची आणि मेलेल्यांना पुरायचे. दिवसातून एकदा मंदिरात प्रवचन द्यायचे. त्या प्रवचनातून मिळणाऱ्या बळावरच कोकराची नवी शस्त्रे आणि शापविद्या खुल्या होतात. पंथाचे नियमही खेळाडूच ठरवतो आणि ते जोडीजोडीने समोर येतात: वृद्धांचा मान राखणारा पंथ हवा, की म्हाताऱ्यांचा बळी गेला तर आनंद मानणारा? एक निवडला की दुसरा कायमचा गेला.

ज्याचे जवळजवळ सगळ्यांनी कौतुक केले

चित्रशैलीवर फारसा वाद झाला नाही. जाड रेषांची, गोलगरगरीत, लहान मुलांच्या पुस्तकात शोभतील अशी जनावरे आणि त्यांच्यावर चाललेले बळी, शवभक्षण, मेंदूधुलाई यांतली विसंगती पहिल्या ट्रेलरपासूनच खेळाची ओळख बनली होती. ही गंमत दोन तासांत विरून जाईल अशी शंका रास्त होती. ती विरली नाही, याचे श्रेय बहुतेक परीक्षणांनी लिखाणातल्या विनोदाला आणि रिव्हर बॉय या नावाने काम करणाऱ्या संगीतकाराच्या संगीताला दिले. वस्तीवर वाजणारे संगीत गोड आहे, पण त्यात काहीतरी बिनसल्यासारखे वाटत राहते.

अनुयायांच्या मागण्या हा या विनोदाचा उत्तम नमुना. एखादा भाविक हात जोडून पुढे येतो आणि अमक्या सहकाऱ्याला विष्ठेचा वाडगा खाऊ घाल, तेवढेच आपले समाधान, असे अगदी नम्रपणे सांगतो. नकार दिला तर त्याची श्रद्धा घटते. होकार दिला तर दुसरा आजारी पडतो, वांती करतो, ती वांती कोणीतरी साफ करेपर्यंत तिसऱ्यालाही लागण होण्याची धास्ती असते. एका फाजील विनंतीतून वस्तीचा सगळा दिवस विस्कटतो. परीक्षणे लिहिणाऱ्यांनी असे प्रसंग चवीने सांगितले, आणि त्यामुळे अनेक परीक्षणे खेळाच्या वर्णनापेक्षा आपल्या पंथाच्या भानगडींच्या कहाण्याच झाली.

मारामारीवरचा आक्षेप

सर्वाधिक टीका भुयारांतल्या लढाईवर झाली. बाइंडिंग ऑफ आयझॅक आणि हेडीज या दोन खेळांशी तुलना अटळ होती आणि तिच्यात कोकराची बाजू पडती ठरली. शस्त्रे मोजकी, प्रत्येक शस्त्राच्या हालचाली त्याहून मोजक्या. हेडीजमध्ये वरदानांच्या मिश्रणातून दर खेपेला वेगळाच लढवय्या तयार होतो. इथे टॅरो पत्ते बहुतांशी आकडे वाढवतात, खेळण्याची पद्धत बदलत नाहीत. मोहिमाही छोट्या असतात. हात बसतो न बसतो तोच बॉस समोर उभा राहतो. या प्रकारात मुरलेल्या समीक्षकांना नेहमीच्या पातळीवर खेळ सोपा गेला.

आक्षेप खरा आहे, पण अर्धवट. मोहीम लांबली असती तर वस्ती उपाशी मेली असती. कोकरू भुयारात असताना वस्तीवरचे घड्याळ थांबत नाही. शत्रूवर वार करत असतानाच पडद्याच्या कडेला सूचना येते की अमका भुकेला आहे, तमका आजारी पडला, एका वृद्धाने देह ठेवला. परतल्यावर प्रेत तसेच कुजत पडलेले असते. लढाईत हरले तर लुटीचा काही भाग जातोच, शिवाय अनुयायांची श्रद्धाही डळमळते. मोहिमेची लांबी या ओढाताणीतून ठरली आहे आणि हेडीजच्या मापाने ती मोजणाऱ्या परीक्षणांत हा मुद्दा बहुधा निसटलेला दिसतो.

कारभारावरचा आक्षेप

दुसऱ्या बाजूच्या समीक्षकांची तक्रार नेमकी उलटी होती. त्यांना वस्ती आवडली, पण तिच्यात करण्यासारखे पुरेसे उरत नाही असे वाटले. सुरुवातीला प्रत्येक घास स्वतः शिजवावा लागतो. पुढे शेतकरी, आचारी, सफाई करणारे नेमता येतात आणि मग कारभार आपोआप चालू लागतो. त्या टप्प्यावर टंचाई संपते, आणि टंचाई संपली की निर्णयांचे वजनही जाते. गावात शेजाऱ्यांसोबत राहण्याच्या ॲनिमल क्रॉसिंग या खेळाशी काहींनी केलेली तुलना इथेच लंगडी पडते: त्या खेळात शेजाऱ्यांना निदान ठरावीक स्वभाव असतात, इथले अनुयायी मात्र दोनचार गुणविशेषांची बेरीज असतात.

याच अंगाने काहींनी विषयाच्या हाताळणीवरही बोट ठेवले. पंथ कसा माणसे ओढतो, भक्ती आणि भीती यांची सरमिसळ कशी होते, याबद्दल खेळाला फारसे म्हणायचे नाही. बंडखोर निघाला की खोड्यात अडकवायचा, रोज थोडे समजवायचे, की तो सुतासारखा सरळ. धर्मावरचे भाष्य शोधायला गेलेल्यांची निराशा झाली. ते भाष्य करण्याचा या खेळाचा आव मुळात कितपत होता, हा प्रश्न उरतोच.

जुनी वंशावळ

दोन अंगांचा असा खेळ काही नवा नव्हे. क्विंटेट या जपानी स्टुडिओच्या १९९० मधील ॲक्टरेझरमध्ये खेळाडू देव होऊन आधी राक्षस मारत असे आणि मग त्याच भूमीवर माणसांची गावे वसवत असे. १९९३ च्या ॲक्टरेझर २ मधून गावे काढून टाकली, फक्त लढाई ठेवली, आणि नेमकी हीच गोष्ट अनेकांना खटकली. पुढे रेड हूक या कॅनडातील स्टुडिओच्या डार्केस्ट डंजनमध्ये (२०१६) भुयारातून भ्रमिष्ट होऊन परतलेल्या वीरांना गावातल्या दारूच्या गुत्त्यात नाहीतर मठात पाठवून ताळ्यावर आणावे लागे. त्याच्या दुसऱ्या भागाने गाव वगळून घोडागाडीचा प्रवास आणला तेव्हा जुन्या चाहत्यांत फूट पडली. स्पेनमधील डिजिटल सनच्या मूनलाइटरमध्ये (२०१८) रात्री भुयारात मिळवलेला माल दिवसा दुकानात विकायचा असतो.

या सगळ्यांच्या वाट्याला तीच टीका आली: दोन्ही अंगे सुटी घेतली तर प्रत्येक अंग त्या प्रकारातल्या उत्तम खेळांपुढे तोकडे. ॲक्टरेझर २ च्या अनुभवातून मात्र उलटी गोष्ट दिसते. तोकडे अंग कापून टाकले म्हणून उरलेले सुधारत नाही. कल्ट ऑफ द लॅम्बमध्ये प्रवचन आणि शस्त्र, मोहीम आणि भूक यांचा सांधा त्याच्या पूर्वसुरींहून घट्ट आहे, आणि त्याची जमेची बाजू कोणती म्हणाल तर ती हीच.

तांत्रिक त्रुटी

प्रकाशनाच्या वेळी खेळात बरेच बग होते. अनुयायी जागच्या जागी अडकत, कामे पूर्ण होऊनही पूर्ण झाल्याची नोंद होत नसे, खेळ मध्येच बंद पडे. स्विचवर परिस्थिती अधिक वाईट होती आणि वस्ती भरत गेली की चित्र अडखळू लागे. काही परीक्षणांनी त्यासाठी स्पष्टपणे गुण कापले. पुढच्या महिन्यांत यातले बरेचसे दुरुस्त झाले.

पुरस्कार

२०२२ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट इंडी खेळासाठी त्याला नामांकन होते. तो मान स्ट्रे या खेळाला मिळाला. ब्रिटनच्या २०२३ मधील बाफ्टा पुरस्कारांत तर सर्वोत्कृष्ट खेळाच्या यादीत तो एल्डन रिंग आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक यांसारख्या धनाढ्य निर्मितींच्या पंक्तीला बसला. तिथे बाजी मारली ती व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स या दुसऱ्याच इंडी खेळाने.

नंतरची भर

मॅसिव्ह मॉन्स्टरने टीकेला उत्तर दिले ते विनामूल्य अपडेटमधून. एप्रिल २०२३ मधील रेलिक्स ऑफ द ओल्ड फेथने जड वार, विशेष शक्तींच्या वस्तू आणि कथा संपल्यानंतरच्या मोहिमा आणल्या. मारामारी उथळ असल्याच्या तक्रारीला दिलेला हा सरळ जबाब होता. जानेवारी २०२४ मधील सिन्स ऑफ द फ्लेशचा जन्म मात्र थट्टेतून झाला. समाजमाध्यमावर खेळाच्या खात्याला तीन लाख अनुयायी मिळाले तर खेळात कामक्रीडा आणू, असे स्टुडिओने जाहीर केले. लोकांनी आकडा गाठून दाखवला आणि वस्तीवर मीलनाचा तंबू उभा राहिला, अंडी उबू लागली, पिल्ले बागडू लागली. पंथाचा कारभार त्यामुळे पिढ्यांचा झाला. ऑगस्ट २०२४ मधील अनहोली अलायन्सने एक बोकड आणला आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या खेळाडूला मोहिमेत सामील होता येऊ लागले.

या भरीने सगळे मूळ आक्षेप सारख्याच प्रमाणात मिटले असे नाही. जड वारांनी लढाईला वजन आले, पण शस्त्र नशिबावर सोपवण्याची पद्धत तशीच राहिली. वस्तीवरचे उद्योग वाढले, अनुयायांचे स्वभाव फारसे खोल झाले नाहीत. आज खेळ विकत घेणाऱ्याच्या हाती हा वाढलेला खेळच पडतो. गुणांची सरासरी मात्र प्रामुख्याने ऑगस्ट २०२२ मध्ये लिहिलेल्या परीक्षणांची आहे, आणि त्या परीक्षणांतल्या कोकराला जड वार माहीत नव्हता.