पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळलं असं नाही

आमच्या शेजारची मुलगी एमएस करायला शिकागोला चालली. परवा तिची आई सामानाची यादी घेऊन आली, काका जरा बघा म्हणे. २३-२३ किलोच्या दोन बॅगा आणि यादीत मिक्सर, इस्त्री, सँडविच टोस्टर, पाणी गरम करायची रॉड. "आणि सीताबर्डीच्या बाजारातून अडॅप्टर घेतला आहे, म्हणजे तिकडे सगळं चालेल ना?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कोणी ना कोणी विचारतं, म्हणून यावेळी नीट लिहूनच काढतो.

तो अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. व्होल्टेजला तो हातही लावत नाही. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट ५० हर्ट्झ (म्हणजे करंटची उलटसुलट फेरी, सायकल, सेकंदाला ५० वेळा), अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, जपानमध्ये तर १०० व्होल्ट. इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, दुबई इकडे जाणाऱ्यांचं बरं आहे, व्होल्टेज आणि हर्ट्झ आपल्यासारखंच, भानगड फक्त पिनांची.

आता नागपूरची १००० वॅटची इस्त्री शिकागोत लावली तर काय होईल? बहुतेकांना वाटतं व्होल्टेज निम्मं तर गरमी निम्मी. तसं नाही. हीटरची पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, शाळेत शिकलोय आपण. व्होल्टेज निम्म्यावर आलं की पॉवर चौथाईवर येते. इस्त्री जेमतेम २७० वॅटची होते, कोमट होऊन बसते, पण निदान जळत तरी नाही.

उलटं केलं तर मात्र खरा धोका. माझी चुलत बहीण तिकडून येताना कॉफी मेकर घेऊन आली होती, १२० व्होल्ट ९०० वॅटचा, म्हणजे आतल्या कॉइलचा रेझिस्टन्स १६ ओहम. तो इथे अडॅप्टर लावून २३० वर दिला. २३० चा वर्ग भागिले १६, करून बघा, ३३०० वॅट! १४ अँपिअरच्या वर करंट आणि तोही ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून. दोन मिनिटांत प्लास्टिक वितळल्याचा वास, सॉकेटच्या भोवती तपकिरी वर्तुळ, आणि घरात कोणीतरी म्हणालंच की वस्तू आग्नेय कोपऱ्यात ठेवली असती तर असं झालं नसतं. वस्तू कोणत्याही कोपऱ्यात ठेवा, १६ ओहमला २३० व्होल्ट दिले तर ३३०० वॅटच होणार. वास्तूपेक्षा मागची पाटी वाचली असती तर कॉफी मेकर वाचला असता.

ती पाटी कशी वाचायची ते सांगतो. मोबाईलचा किंवा लॅपटॉपचा चार्जर उलटा करा, बारीक अक्षरात 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असं दिसेल. असं असेल तर जगात कुठेही न्या, फक्त पिन बदला. आणि मिक्सर आडवा करून बुडाशी बघा, तिथे नुसतं '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ७५० वॅट' लिहिलेलं असेल. तो तिकडे तसाच चालणार नाही.

मग लोक म्हणतात व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर घेऊ. आता इथे माझी आवडती गोष्ट येते, जरा धीर धरून वाचा. ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंडाचा गाभा असतो आणि त्यावर तांब्याच्या तारेची गुंडाळी. एसी करंट दर अर्ध्या सायकलला दिशा बदलतो. प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये गाभ्यात चुंबकत्व 'भरत' जातं, मग दिशा बदलली की रिकामं होऊन उलट्या बाजूने भरतं. आपल्या कूलरची टाकी डोळ्यासमोर आणा. व्होल्टेज म्हणजे पाण्याचा जोर आणि अर्धी सायकल म्हणजे नळ किती वेळ सुरू राहिला ते. टाकी किती भरली हे जोर गुणिले वेळ यावर ठरतं, एकट्या जोरावर नाही. ६० हर्ट्झला अर्धी सायकल ८.३ मिलिसेकंदांची, ५० हर्ट्झला १० मिलिसेकंदांची. आता अमेरिकेतल्या कंपनीने पैसे वाचवायला ८.३ मिलिसेकंदात काठोकाठ भरेल एवढाच गाभा ठेवला आणि ती वस्तू तुम्ही तेवढ्याच व्होल्टेजवर पण ५० हर्ट्झवर लावली, तर नळ २० टक्के जास्त वेळ सुरू राहिला. टाकी ओसंडते. याला सॅच्युरेशन म्हणतात. लोखंड भरलं की गुंडाळी ही गुंडाळी राहत नाही, करंटला अडवायची तिची ताकद संपते, ती नुसती तांब्याची तार होऊन बसते, आणि करंट उसळतो. म्हणून तिकडची ट्रान्सफॉर्मरवाली वस्तू इथे स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर, लावून १२० व्होल्ट दिले तरी कधी कधी घूंऽ करून तापत राहते, आणि लोकांना कळत नाही की व्होल्टेज तर बरोबर आहे मग तापते का. आपली ५० हर्ट्झची वस्तू ६० वर नेली तर टाकी कमीच भरते, त्या बाजूने चिंता नाही.

याच टाकीमुळे चार्जर एवढासा असतो बरं का. चार्जर आधी एसीचं डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, करतो, मग त्या डीसीचे सेकंदाला हजारो, कधी लाखभर तुकडे पाडतो. नळ इतका थोडा वेळ सुरू राहतो की टाकी वाटीएवढी पुरते. शिवाय आतली चिप तुकड्यांची रुंदी कमीजास्त करत बसते म्हणून १०० व्होल्ट असो की २४०, बाहेर तेवढंच येतं. मला हे आजही फार सुंदर वाटतं.

आणि हा हर्ट्झचा घोळ आला कुठून? सुरुवातीला जो देश ज्याच्याकडून यंत्रं घेई त्याचं हर्ट्झ येई. जपानमध्ये १८९० च्या दशकात तोक्योने जर्मनीची जनरेटर घेतली, ओसाकाने अमेरिकेची, आणि आजही त्या देशाचा पूर्व भाग ५० वर आणि पश्चिम भाग ६० वर चालतो.

मिक्सरची मोटर हर्ट्झला जुमानत नाही, तिला फक्त व्होल्टेज हवं. पण ७५० वॅटच्या मिक्सरला सुरू होताना झटका लागतो म्हणून ट्रान्सफॉर्मर १५०० वॅटचा तरी हवा, आणि तो लोखंडाचा असल्यामुळे पाच-सहा किलोच्या घरात जातो. त्यापेक्षा आपल्याकडच्याच कंपन्या ११० व्होल्टचे मिक्सर बनवतात, तो न्या. आणि ते हलके 'कन्व्हर्टर' मिळतात, ऑनलाइन जाहिरातीत लिहिलेलं असतं सगळं चालेल, त्यावर विश्वास ठेवू नका. त्यातले बरेचसे करंटच्या लाटेचे नुसते तुकडे कापतात, हेअर ड्रायरसारख्या तापणाऱ्या वस्तूला ते चालतं, लॅपटॉप चार्जर किंवा मोटर लावली तर बिघडवतात.

अर्थिंगचं, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या तिसऱ्या पिनेचं, विसरू नका. मे महिन्यात ओल्या हाताने कूलरच्या पत्र्याला हात लावून झिणझिण्या आलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. स्वस्तातल्या बऱ्याच अडॅप्टरमध्ये तिसरी पिन घुसते पण आत ती कुठेच जोडलेली नसते. धातूची बॉडी असलेली वस्तू त्यावर लावूच नये. आणि १२० व्होल्ट म्हणजे हलका करंट, त्याने काही होत नाही, हा गैरसमजही सोडा, ओल्या हातातून तोही जीव घेऊ शकतो. म्हणून तर तिकडे बेसिनजवळच्या सॉकेटवर टेस्ट आणि रिसेट अशी दोन बटणं असतात, फक्त ५ मिलिअँपच्या आसपास करंट गळला की ते सॉकेट बंद पडतं. नवीन पोरांना वाटतं सॉकेट बिघडलं. वस्तू काढा, रिसेट दाबा, वस्तू परत लावल्यावर पुन्हा पडलं तर दोष त्या वस्तूत आहे, दुसऱ्या सॉकेटवर लावून बघायचं नाही.

शेवटी यादीतून रॉड, इस्त्री, टोस्टर सगळं काढलं. राहिले लॅपटॉपचा चार्जर, मोबाईलचा चार्जर आणि तीन पिनांचा एक बरा अडॅप्टर, अर्थची पिन खरंच जोडलेली आहे ना हे मी मल्टिमीटरने तपासून दिलं. सावजीचा मसाला मात्र तिच्या आईने घरच्याच मिक्सरवर दळून दोन किलो भरून दिला.