धर्माचा रकाना आणि पन्नास टक्के : ख्रिस्ती कॉलेजांतल्या प्रवेशांची पार्श्वभूमी

‘अल्पसंख्याक कोटा’, म्हणजे अल्पसंख्याक समाजाच्या कॉलेजात त्या समाजाच्या मुलांसाठी ठेवलेल्या जागा, हा शब्द दरवर्षी दहावीच्या निकालाबरोबर वर येतो आणि कॉलेजे सुरू झाली की विरून जातो. 2025 मध्ये तो नेहमीपेक्षा जास्त गाजला. अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया त्या वर्षी पहिल्यांदाच मोठ्या शहरांबाहेर, सबंध राज्याला लागू झाली. 6 मेच्या शासन निर्णयातल्या एका तरतुदीवरून अल्पसंख्याक संस्था उच्च न्यायालयात गेल्या. कोट्याबाहेरच्या जागांवर सामाजिक आरक्षण लावायचे की नाही, एवढाच मुद्दा होता. जूनमध्ये अंतरिम स्थगिती मिळाली. बातम्यांत छायाचित्रे आली ती दक्षिण मुंबईतल्या दगडी इमारतींची. जिल्ह्याच्या गावातले ख्रिस्ती कॉलेज या चर्चेत कुठेच नव्हते. खरे तर या शब्दाचा गुंता तिथे जास्त आहे.

फार मागे जायचे कारण नाही, पण दोन गोष्टी सांगून पुढे जाऊ. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मुंबईत आंब्रोळीला इंग्रजी शाळा काढली. पुढचे विल्सन कॉलेज तिच्यातूनच वाढले. त्या शाळेत प्रवेशाला जातधर्माची अट नव्हती. अडचण प्रवेशानंतरची होती. 1839 मध्ये दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी मुले काढून घ्यायला सुरुवात केली. चारच वर्षांनी नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केले. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यावरून ब्राह्मणसमाजात दोन तट पडले. ‘मिशनच्या शाळेत घातले तर पोर हातचे जाईल’ ही भीती तेव्हापासूनची. तरीही मुले येत राहिली. इंग्रजी हवे होते, आणि इंग्रजी तिथे मिळत होते.

दुसरी गोष्ट अनुदानाची. 1854 च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्याने खासगी शाळा-कॉलेजांना सरकारी मदतीची वाट मोकळी केली आणि मिशनच्या संस्थांनी ती घेतली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज 1883 चे, म्हणजे याच व्यवस्थेतले. पैसा सरकारचा आणि तासाला बायबल, हे कसे चालेल, हा सवाल विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जोरात विचारला जाऊ लागला. ज्याला नको त्याला बायबलच्या तासातून सूट द्या, अशी ती मागणी होती. ती पूर्ण झाली ती संविधानात. कलम 28 च्या तिसऱ्या उपकलमाप्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. बायबलचा तास हळूहळू ‘नैतिक मूल्ये’ या नावाने वेळापत्रकात उरला. ख्रिस्ती मुलांची उपासना सकाळी वेगळी होऊ लागली.

अनुदान आणि मान्यता या दोन्ही भानगडींपासून बराच काळ लांब राहिलेले एक उदाहरण पुण्यातच आहे. औंध रस्त्यावरचे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे स्पायसर कॉलेज 1915 मध्ये कोइमतूरला सुरू झाले, बंगळूरमार्गे 1942 मध्ये पुण्यात आले आणि 2014 मध्ये राज्याच्या कायद्याने विद्यापीठ झाले. शाकाहारी मेस, शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांती-उपासनेचा दिवस, आणि शिकता शिकता काम, असा तिथला दिनक्रम. पुणेकरांना मात्र ते मुख्यतः बेकरीच्या ब्रेडमुळे माहीत. पण हा अपवाद. महाराष्ट्रातल्या बहुतेक ख्रिस्ती कॉलेजांनी अनुदान घेतले, आणि म्हणून पुढचा सगळा वाद त्यांच्या वाट्याला आला.

वादाचे मूळ संविधानातल्या दोन कलमांत आहे. कलम 30 म्हणते, अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. कलम 29 चे दुसरे उपकलम म्हणते, सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणाने कोणाला प्रवेश नाकारता येणार नाही. अनुदानित ख्रिस्ती कॉलेजाने ख्रिस्ती मुलाला आधी घेतले, तर उरलेल्या मुलाला धर्मावरून नाकारले असे होते का? संविधानात याचे थेट उत्तर नाही. पन्नास हा आकडा तर नाहीच नाही.

पहिल्या लढाया मात्र उलट्या दिशेच्या होत्या. 1954 मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने आदेश काढला, की इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन आणि गैरआशियाई वंशाच्या मुलांखेरीज कोणाला घेऊ नका. देवळालीच्या बार्न्स शाळेवरून ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सरकार हरले. म्हणजे ख्रिस्ती संस्थेला दार उघडे ठेवायचे होते आणि ते बंद करत होते सरकार. आजच्या चर्चेत ही आठवण कोणी काढत नाही. पाठोपाठ अहमदाबादच्या एका मिशन अध्यापक विद्यालयातल्या 80 टक्के जागा सरकारने पाठवलेल्या शिक्षकांसाठी राखण्याचा मुंबई सरकारचा हुकूमही न्यायालयात टिकला नाही.

मध्ये 1958 मध्ये केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की अल्पसंख्याक संस्थेत बाहेरच्यांचा थोडा शिडकावा झाला म्हणून तिचे रूप जात नाही. ‘शिडकावा’ ही कल्पना पुढे निकालांमागून निकालांत येत राहिली. नगरच्या ख्रिस्ती कॉलेजातल्या, म्हणजे अहमदनगर कॉलेजातल्या, कोणत्याही वर्गात जाऊन बसा. शिडकावा आहे तो ख्रिस्ती मुलांचा.

पन्नासचा आकडा आला तो डिसेंबर 1991 मध्ये. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजाला आपली मुलाखत आणि ख्रिस्ती विद्यार्थ्यांना प्राधान्य या दोन्ही गोष्टी टिकवायच्या होत्या. विद्यापीठाचे म्हणणे होते, की प्रवेश फक्त गुणांवर द्या. पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी कॉलेजाचा मुलाखतीचा हक्क मान्य केला, आणि आपल्या समाजाच्या मुलांना निम्म्यापर्यंत जागा देता येतील, निदान निम्म्या मात्र सगळ्यांसाठी खुल्या राहाव्यात, असा तोल काढला. पाचव्याचे मत वेगळे पडले. अनुदान घेतले की धर्मावरून प्राधान्य नाही, असे त्यांनी लिहिले. दोन कलमांत तडजोड म्हणून काढलेली ही कमाल मर्यादा होती. ‘पन्नासपर्यंत’चे बोलीभाषेत ‘पन्नास’ झाले, आणि महाराष्ट्राच्या प्रवेश पुस्तिकांत अल्पसंख्याक कोटा 50 टक्के, इन-हाऊस (संस्थेच्याच शाळेतली मुले) इतके, व्यवस्थापन इतके, अशी तक्त्यातली ओळ झाली. मर्यादा होती तिथे वाटा आला.

2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने हा आकडा खरे तर सोडून दिला. एकच टक्केवारी सगळीकडे चालणार नाही. संस्था कोणत्या प्रकारची आहे आणि त्या भागाची गरज काय, ते पाहून राज्याने वाजवी प्रमाण ठरवावे, असे ते म्हणाले. अल्पसंख्याक कोण हे देशाच्या नव्हे, तर राज्याच्या लोकसंख्येवर ठरेल, हेही तेव्हाच पक्के झाले. तरी तक्त्यातली ओळ हलली नाही. आकडा सोयीचा असतो. खिडकीवरच्या कारकुनाला ‘वाजवी प्रमाण’ भरता येत नाही.

इथे 2011 ची जनगणना पाहावी. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यातले पुष्कळ मुंबई, वसई आणि पुण्यात. मुंबईतल्या नावाजलेल्या कॉलेजात निम्म्या जागांसाठी ख्रिस्ती अर्जांची रांग लागते आणि कोट्यातला कटऑफसुद्धा नव्वदीच्या घरात जाऊ शकतो. लहान गावात ती निम्मी बाजू भरतच नाही. न भरलेल्या जागा कॉलेज परत करते. त्यालाच सगळे ‘सरेंडर’ म्हणतात. जागा सरेंडर झाली की तिच्यावर कोणाचा हक्क, सर्वांचा की आरक्षित प्रवर्गांचा, हा 2025 चा वाद. त्याची आधीची पायरी 2017 ची. मुंबई विद्यापीठाने 2001 मध्ये काढलेले, अल्पसंख्याक कॉलेजांत मागासवर्गीय आरक्षण लावणारे परिपत्रक त्या वर्षी उच्च न्यायालयाने रद्द केले. आधार होता 93 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम 15 च्या पाचव्या उपकलमाचा, ज्यात अल्पसंख्याक संस्था स्पष्ट वगळल्या आहेत, अनुदानित असोत वा नसोत. कायद्याच्या भाषेत उत्तर सरळ आहे. पण ज्या कॉलेजात ख्रिस्ती मुलेच पुरेशी नाहीत, तिथे ही सूट नेमकी कोणाचे रक्षण करते, हा प्रश्न आरक्षणाच्या बाजूने बोलणारे विचारतात. तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही.

आता नगरकडे. अमेरिकन मराठी मिशन इथे 1831 मध्ये आले. मिशनचे नियतकालिक ‘ज्ञानोदय’ इथूनच 1842 मध्ये निघाले. 1876-77 च्या दुष्काळानंतर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांची संख्या वाढली, आणि त्यात महार-मांग कुटुंबे मोठ्या प्रमाणावर होती. या मुलांसाठी मिशनच्या शाळा आणि वसतिगृहे होती, पण कॉलेज म्हटले की पुणे-मुंबई गाठावी लागे. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 मध्ये अहमदनगर कॉलेज काढले, तेव्हा ती अडचण दूर झाली. इतरत्र एक प्रश्न नेहमी उकरला जातो : स्कॉटिश किंवा अमेरिकन मिशनऱ्यांनी काढलेली संस्था भारतातल्या अल्पसंख्याकांनी ‘स्थापलेली’ म्हणायची का? 1969 मध्ये भागलपूरच्या 1854 सालच्या मिशन शाळेबाबत सर्वोच्च न्यायालयाने होय म्हटले. पैसा परदेशातून आला म्हणून हक्क जात नाही. ‘स्थापना’ म्हणजे काय यावर 2024 मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या निमित्ताने सात न्यायाधीश पुन्हा बसले आणि तेही चार विरुद्ध तीन असे विभागले गेले. नगरच्या कॉलेजाला या चर्चेची गरजच नव्हती. त्याचा संस्थापक मराठी ख्रिस्ती होता.

नगरचा गुंता दुसरीकडे आहे, आणि तो अर्जातल्या धर्माच्या रकान्यात आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. महाराष्ट्रात बौद्धांना राज्य पातळीवर त्याआधीच सवलती होत्या. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. आदिवासींना ही अट नाही. अनुसूचित जमातीचे मूल ख्रिस्ती झाले तरी दर्जा राहतो. मग पणजोबांनी दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेतलेल्या मुलीने अर्ज कसा भरायचा? ख्रिस्ती लिहिले, चर्चच्या पाळकांचे पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला जोडला, तर अल्पसंख्याक कोटा मिळतो, पण अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती आणि पुढच्या नोकरीतले आरक्षण जाते. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू-महार’ असेल आणि तेच पुढे नेले, तर शिष्यवृत्ती मिळते. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बसायचे आणि कागदावर वेगळे राहायचे. नोव्हेंबर 2024 मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, केवळ आरक्षणासाठी धर्म दाखवणे ही संविधानाची फसवणूक आहे, असे कडक शब्दांत म्हटले. 1950 च्या आदेशावरचा आक्षेप मात्र त्याच न्यायालयात 2004 पासून पडून आहे, आणि त्यासाठी ऑक्टोबर 2022 मध्ये नेमलेल्या आयोगाला मुदतवाढ मिळत गेली. ‘ख्रिस्ती कॉलेजात ख्रिस्ती मुले इतकी कमी कशी’ असे विचारणाऱ्याने कागदावर किती आणि वसतिगृहाच्या खोल्यांत किती, हे दोन वेगळे आकडे धरून चालावे.

वसतिगृह हा शब्द आलाच आहे तर तिथे थोडे थांबू. मुंबईच्या विल्सन कॉलेजाचे मॅकिकन हॉल हे वसतिगृह गावदेवीला आहे. कॉलेजच्या एका प्राचार्यांचे नाव त्याला आहे. बाहेरगावच्या, ख्रिस्ती नसलेल्या मुलांनाही अशा वसतिगृहांत जागा मिळत आली. छोट्या गावातल्या कॉलेजाचे रोजचे जीवन तर बहुतांश अख्रिस्ती मुलांनीच घडवलेले आहे. नाताळच्या कार्यक्रमात कॅरोल म्हणणारा निम्मा गट हिंदू-मुस्लिम घरांतला, स्नेहसंमेलनात पोवाडा, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात खेड्यातले श्रमदान. नगरच्या संस्थेने ग्रामीण विकासाचे केंद्र आणि समाजकार्याचे शिक्षण उभे केले ते याच प्रकृतीतून. कॉलेजचे ख्रिस्तीपण कशात, याचे उत्तर प्रवेशाच्या टक्क्यांत शोधणारे या बाजूकडे कमी पाहतात, असे मला वाटते. अर्थात फी, देणग्या आणि नियुक्त्या यांवरून विश्वस्तांत होणाऱ्या भांडणांत हे ख्रिस्तीपण कुठे असते, असा उलटा सवालही आहे, आणि मंडळीतले लोकच तो जास्त विचारतात.

मुलाखतीचा मुद्दा दिल्लीत परत आला. सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाल्यावर सप्टेंबर 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सेंट स्टीफन्सला सांगितले, की बिगरख्रिस्ती जागांसाठी फक्त परीक्षेचे गुण धरा. ख्रिस्ती जागांसाठी 85 टक्के परीक्षा आणि 15 टक्के मुलाखत चालेल. म्हणजे 1991 मध्ये सगळ्यांसाठी मान्य झालेली मुलाखत आता निम्म्या बाजूपुरती उरली. महाराष्ट्रातल्या लहान कॉलेजांनी मुलाखत हा प्रकार असा गाजवून कधी घेतलाच नाही. तिथे प्रवेशाच्या दिवशी कार्यालयात एक टेबल असते, त्यावर पाळकांची पत्रे वेगळ्या फाइलला लागतात, आणि कोट्यातल्या किती जागा भरल्या आणि किती सरेंडर करायच्या, हे संध्याकाळी प्राचार्यांना सांगितले जाते. 2025 पासून तो आकडा राज्याच्या पोर्टलवरही टाकावा लागतो.