वीज देणारी भिंत: खर्च कोणाच्या खात्यावर?

इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा सीआयएस टॉवर, ऑफिसांची उंच इमारत, १९६२ साली उभा राहिला. लिफ्ट आणि जिने असलेल्या त्याच्या मनोऱ्यावर बारीक मोझॅक टाइल्स बसवल्या होत्या, तब्बल १ कोटी ४० लाख. काही महिन्यांतच त्या निखळू लागल्या. अखेर २००५ मध्ये मनोऱ्यावर ७,२४४ सौर पॅनेलांचं आवरण चढलं. खर्च ५५ लाख पौंड. वीज अपेक्षित होती वर्षाला साधारण १ लाख ८० हजार युनिट.

पॅनेल २५ वर्षं चालतील असं धरून भागाकार केला, तर एक युनिट जवळजवळ सव्वा पौंडाला पडतं, तेही देखभाल न धरता. या भावाने वीज कोण घेईल? पण टाइल्स पडत होत्या, म्हणजे मनोऱ्याला नवं आवरण लागणारच होतं. त्या साध्या आवरणाला जो खर्च आला असता, तो आधी वजा करायला हवा. उरेल तेवढाच विजेच्या खात्यावर टाकायचा.

ही वजाबाकी सगळीकडे सारखी नसते. दर्शनी भागाला ग्रॅनाइट किंवा भारी काच लावणाऱ्या ऑफिसात ती मोठी होते. आपल्याकडच्या प्लास्टर आणि रंगाच्या सोसायटीत मात्र वजा करायला फारसं काही उरत नाही.

बेरजेच्या बाजूलाही बरंच काही असतं. पॅनेलची डीसी वीज वापरण्याजोग्या एसी विजेत बदलणारा इन्व्हर्टर साधारण १० ते १५ वर्षांत नवा घ्यावा लागतो. सिलिकॉनचं पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते, म्हणून भिंत आणि पॅनेल यांच्यात हवा खेळायला जागा सोडावी लागते. त्यात गच्चीवरचं पॅनेल सहज उतरवता येतं. विसाव्या मजल्यावरच्या भिंतीसाठी कामगारांना बाहेरून लटकता येईल असा झुला बांधावा लागतो. शिवाय पॅनेल हीच भिंतीची कातडी असेल, तर बिघडलेलं पॅनेल काढून जागा उघडी ठेवता येत नाही. आणि वीस वर्षांनी त्याच मापाचं, त्याच रंगाचं पॅनेल बाजारात मिळेलच असं नाही. इमारत साठ वर्षं टिकणार असेल, तर दुसरं आवरणही पहिल्याच दिवशी हिशेबात धरलेलं बरं. बहुतेक कोटेशनांत ते नसतं.

मुंबईत सूर्याचंही गणित वेगळं. मँचेस्टरला तो खालून तिरपा येतो, भिंतीला भिडतो. मुंबई मात्र १९ अंश उत्तर अक्षांशावर. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि दक्षिणेच्या भिंतीवर तेव्हा थेट ऊन पडतच नाही. म्हणून इथे आधी गच्ची भरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. गच्ची अपुरी पडते आणि विजेची भूक मोठी असते, अशा ठिकाणी भिंतीचा विचार रास्त ठरतो. नवी मुंबईत महापे इथल्या एका डेटा सेंटरच्या भिंतींवर पॅनेल चढली आहेत. नवं बांधकाम करताना आर्किटेक्टकडून दोन अंदाजपत्रकं मागवावीत: एक पॅनेलच्या भिंतीचं, दुसरं त्याच भिंतीचं पॅनेलविना.