वेशीबाहेरच्या नद्या आणि मुंबईचं मैलापाणी

मिठी नदीच्या शुद्धीकरणाचं काम हाती घेताना मुंबई महापालिकेनं पहिल्याच टप्प्यात पवईजवळ फिल्टरपाड्याला एक छोटं मलजल प्रक्रिया केंद्र धरलं. क्षमता रोज ८० लाख लिटर. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा इथल्या ज्या सात मोठ्या केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं, त्यांची एकत्रित क्षमता २४६ कोटी लिटरच्या पुढे जाते. त्यापुढे हे केंद्र किरकोळच म्हणायचं. पण मोठ्या केंद्रांची तोंडं समुद्राकडे किंवा खाडीकडे आहेत, आणि हे नदीसाठी आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत भूमिगत गटारं टाकायला सुरुवात झाली, तेव्हा शहर माहीम-शीवपाशी संपत होतं. मैलापाणी वरळीच्या लव्हग्रोव्हला आणायचं, उपसायचं आणि समुद्रात सोडायचं, एवढाच आराखडा. मैल्याचा उपयोग कोणाला सुचलाच नव्हता असं नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यातून निघणाऱ्या वायूवर दिवे लावले गेले होते! पण शहराच्या पातळीवर समुद्र फुकट होता.

मिठी म्हणजे तेव्हा शहराची वेस. दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या नद्या तर वेशीच्याही पलीकडे. तिथली उपनगरं १९५० आणि १९५७ मध्ये पालिकेत आली आणि त्यांच्याबरोबर नद्याही आल्या. तोवरच्या मलनिःसारणाच्या विचारात नदी नव्हतीच. पुढे जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा प्रकल्प झाला, वरळी आणि वांद्र्याहून समुद्राखाली तीन किलोमीटरहून लांब पातमुखं, म्हणजे मैलापाणी खोल समुद्रात सोडणाऱ्या वाहिन्या, गेली, तरी दिशा तीच राहिली. उपनगरातल्या वस्त्यांपर्यंत मलवाहिन्या पोहोचल्या नाहीत तिथला मैला नाल्यात आणि नाल्यातून नदीत जात राहिला.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी ही नदी आहे हे शहराला कळलं. मात्र नंतरचा बराच जोर रुंदीकरण, गाळउपसा आणि संरक्षक भिंतींवर होता. पूर ओसरला तरी पाण्याचा काळेपणा कायम होता.

त्याचं एक कारण या नद्यांच्या स्वभावातच आहे. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावर वाहते. पावसाळा संपला की वरून येणारं पाणी आटतं आणि उन्हाळ्यात पात्रात जे वाहतं ते बहुतेक सांडपाणीच. समुद्रासारखं पातळ करून घ्यायला इथे काहीच नसतं. मैला कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासळी मरते. छोटं केंद्र हेच कुजणं नदीऐवजी टाकीत उरकून घेतं. आधी जाळ्यांवर प्लास्टिक आणि चिंध्या अडतात, मग रेती खाली बसते, मग हवा सोडलेल्या टाकीत जिवाणू मैला खातात. त्यांचा गाळ बसला की वरचं निवळ पाणी निर्जंतुक करून पात्रात सोडतात. ही पद्धत १९१४ पासून जगाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात असं पाणी मिळालं तर नदीला तोच प्रवाह.

जिवाणूंनाही मर्यादा आहेत. कुर्ल्याच्या भंगार गोदामांतलं आणि कारखान्यांतलं तेल त्यांना मारतं. दहिसर-पोईसरला गोठ्यांतलं शेण इतकं येतं की घरगुती मैल्याच्या हिशेबानं बांधलेली टाकी पुरत नाही. हे उगमापाशीच अडवावं लागतं आणि ते काम अभियंत्यापेक्षा परवाना खात्याचं जास्त आहे.

मिठीच्या खालच्या टप्प्यातल्या दाट वस्तीत केंद्राला जागाच नाही, म्हणून बापट नाला आणि सफेद पूल नाल्याचं पाणी बोगद्यानं धारावीला नेण्याची योजना आली. तिथे साफ झालेलं पाणी मुखाजवळच सुटणार. म्हणजे मधल्या पट्ट्यातली घाण कमी होईल आणि तिच्याबरोबर उन्हाळ्यातलं पाणीही जाईल.