प्रतल-रचना (सीएमएम मापन)

निर्देशांक मापन यंत्राच्या, म्हणजे सीएमएमच्या, सॉफ्टवेअरमध्ये आधी मोजलेल्या बिंदू, रेषा, वर्तुळ किंवा पृष्ठांवरून गणिताने नवे प्रतल तयार करण्याच्या क्रियेला प्रतल-रचना म्हणतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात जॉब (मशिनवर घडवलेला भाग) तपासणारे याला सरळ ‘प्लेन बनवणे’ म्हणतात.

तीन नैकरेषीय बिंदूंतून एकच प्रतल जाते, हे शाळेत शिकलेले असते. सॉफ्टवेअर प्रतल साठवते ते एक बिंदू आणि एक लंब दिशा या रूपात. त्या दिशेला व्हेक्टर म्हणतात आणि ती आय, जे, के या तीन आकड्यांत लिहितात. वर तोंड असलेल्या आडव्या पृष्ठाचा व्हेक्टर ०, ०, १ असतो. प्रतलाला स्वतःची कड नसते. त्यामुळे २० मिमीच्या पॅडवर घेतलेले प्रतल ५०० मिमी लांबच्या भोकापर्यंतही तितक्याच ठामपणे पसरते, आणि बऱ्याच चुका इथेच जन्म घेतात.

मोजलेले आणि रचलेले प्रतल

हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रोब (टोकाला रूबीचा छोटा गोळा असलेली स्पर्शकाठी) पृष्ठाला टेकतो तेव्हा यंत्राला त्या गोळ्याचे केंद्र कळते, टेकलेली जागा नाही. प्रतल थेट मोजले, तर सॉफ्टवेअर आधी सगळ्या केंद्रांतून प्रतल बसवते आणि मग ते लंब दिशेने गोळ्याच्या त्रिज्येइतके सरकवते. उलट, सुटे बिंदू मोजून नंतर त्यांतून प्रतल रचले, तर त्रिज्येची दुरुस्ती प्रत्येक बिंदूवर आधीच होऊन गेलेली असते, आणि तीही त्या बिंदूला दिलेल्या व्हेक्टरच्या दिशेने. तो व्हेक्टर तिरका असेल, तर बिंदू खऱ्या पृष्ठापासून हलतो. ४ मिमी व्यासाच्या गोळ्याला व्हेक्टर ५ अंशांनी चुकला तर फरक सुमारे ८ मायक्रॉन पडतो, १० अंशांनी चुकला तर सुमारे ३० मायक्रॉन. २० मायक्रॉन टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) जॉबवर हा आकडा सगळा निकाल फिरवतो. पीसी-डीएमआयएस या सीएमएम सॉफ्टवेअरमध्ये यासाठीच साध्या ‘बेस्ट फिट’च्या शेजारी ‘बेस्ट फिट रीकॉम्प’ दिलेले आहे. ते कच्ची केंद्रे घेऊन दुरुस्ती नव्याने करते. प्रोबने टेकून घेतलेल्या सुट्या बिंदूंसाठी हाच पर्याय घ्यावा.

वर्तुळांतून प्रतल रचताना मात्र साधे बेस्ट फिटच लागते, कारण तिथे वर्तुळांची केंद्रे वापरली जातात. फ्लँजची तीन भोके वरच्या पृष्ठापासून ५ मिमी खोलीवर मोजली आणि वर्तुळे पृष्ठावर प्रक्षेपित केली नाहीत, तर रचलेले प्रतलही ५ मिमी खाली बसते. रिपोर्टवर ते लगेच दिसत नाही. उंचीचे माप आल्यावरच गोंधळ कळतो.

फिट कोणता घ्यायचा

लघुतम वर्ग पद्धतीचे प्रतल उंचवटे आणि खोलगट जागा यांच्या मधून जाते. ते स्थिर असते, एखाद्या चुकार बिंदूने फारसे हलत नाही, म्हणून बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तेच मुळात निवडलेले असते. पण प्रत्यक्ष जोडणीत जॉब बसतो तो उंच बिंदूंवर. पृष्ठाची सपाटता ४० मायक्रॉन असेल, तर मधून जाणारे प्रतल आणि सरफेस प्लेटवर टेकणारे प्रतल यांत साधारण २० मायक्रॉनचा फरक पडू शकतो. पुरवठादार सीएमएमवर मोजतो, ग्राहक सरफेस प्लेटवर ठेवलेल्या हाइट गेजवर, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. यामागे बऱ्याचदा एवढेच कारण असते. डेटम, म्हणजे मापांचा आधार, म्हणून वापरायच्या पृष्ठावर बाहेरून स्पर्श करणारे, म्हणजे टँजन्ट प्रतल घ्यावे. फक्त फुगीर पृष्ठावर ते डुगडुगते आणि दर वेळी वेगळ्या तीन बिंदूंवर बसते. अशा जॉबला ड्रॉइंगवर डेटम टार्गेट (डेटमसाठी नेमून दिलेल्या जागा) असायला हवेत. नसतील तर डिझाइनवाल्यांना विचारणेच योग्य, स्वतः ठरवू नये. सपाटता तपासताना टँजन्ट प्रतल उपयोगाचे नाही. तिथे किमान पट्ट्याची पद्धत लागते, म्हणजे सगळे बिंदू सामावणाऱ्या दोन समांतर प्रतलांतले सर्वांत कमी अंतर शोधतात.

बिंदू किती आणि कुठे

तीन बिंदूंच्या प्रतलाची सपाटता नेहमी शून्य येते, कारण प्रतल तिन्ही बिंदूंतून जातेच. असा शून्य रिपोर्टवर दिसला तर तो निकाल समजू नये. चौथ्या बिंदूपासून विचलन दिसू लागते. मध्यम आकाराच्या मशिन केलेल्या पृष्ठावर तीन ओळींत तीन-तीन असे नऊ बिंदू ही चांगली सुरुवात आहे. सपाटतेसाठी आणखी घ्यावेत. पण संख्येपेक्षा पसारा मोठा असायला हवा. दोन हिट (प्रोबचे स्पर्श) २० मिमी अंतरावर असतील आणि त्यांत ३ मायक्रॉनची चूक असेल, तर २०० मिमी अंतरावर तीच चूक ३० मायक्रॉन होते. कडेपासून दोन-तीन मिमी आत राहावे. मिलिंगनंतर कडेवर बर (धातूची उरलेली धारदार कोर) राहतो आणि एकच हिट त्यावर पडला तरी टँजन्ट प्रतल कलते. पृष्ठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून घ्यावे. कूलंटचा वाळलेला थर डोळ्यांना दिसत नाही, प्रोबला मात्र लागतो.

इतर रचना

एखाद्या रेषेला लंब आणि बिंदूतून जाणारे प्रतल, दुसऱ्या प्रतलाला समांतर प्रतल, ठरावीक अंतरावर सरकवलेले प्रतल, उलट व्हेक्टरचे प्रतल या रचना सोप्या आहेत आणि त्यांत सहसा गडबड होत नाही. पायऱ्या असलेल्या कास्टिंगसाठी ऑफसेट प्रतल खास कामाचे आहे. तीन डेटम टार्गेट वेगवेगळ्या उंचीवर असतील, तर प्रत्येक बिंदूला ड्रॉइंगवरचा उंचीफरक देऊन प्रतल रचतात.

मध्य प्रतल जपून करावे. स्लॉटच्या दोन भिंतींचे व्हेक्टर एकमेकांसमोर असतात. त्या दोन भिंतींना दुभागणारी प्रतले दोन निघतात, एक स्लॉटच्या मधून जाणारे आणि दुसरे त्याला काटकोनात. काही सॉफ्टवेअर योग्य ते स्वतः निवडतात, काही दिलेल्या दिशेवर विसंबतात. रचना झाल्यावर दोन्ही भिंतींपर्यंतचे अंतर काढून पाहावे. २४ मिमीच्या स्लॉटला दोन्हीकडे १२ मिमीच्या आसपास आले नाही, तर एका भिंतीचा व्हेक्टर उलटवून पुन्हा रचावे.

प्रतल पुढे वापरतात ते मुख्यतः अलाइनमेंटसाठी, म्हणजे जॉबचे अक्ष ठरवण्यासाठी. आधी हाताने तीन बिंदूंचे प्रतल, रेषा आणि बिंदू घेऊन कामचलाऊ अलाइनमेंट करतात. मग तेच पृष्ठ सीएनसी मोडमध्ये जास्त बिंदूंनी मोजून पक्के अलाइनमेंट बनवतात. ही दुसरी फेरी गाळू नये, कारण हाताने घेतलेल्या हिटची दिशा तिरकी असते. तीन प्रतलांचा छेद हा कोपऱ्याचा बिंदू, आणि तोच बहुधा ओरिजिन, म्हणजे मापांचा शून्य बिंदू, होतो.

इथल्या हवेत

मापाचे संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात महाप्याच्या गाळ्यातून मशिनवरून उतरलेला जॉब ३२-३३ अंशांवर असतो. ३०० मिमी लांबीचा पोलादी जॉब १२ अंशांच्या फरकाने सुमारे ४१ मायक्रॉन वाढतो, अ‍ॅल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. जॉब सगळीकडे सारखा गरम असेल तर प्रतलाची दिशा फारशी बदलत नाही. एक बाजू थंड होत असताना मोजले, तर प्रतलच वाकडे येते आणि जॉब पूर्ण थंड झाल्यावर ते माप पुन्हा मिळत नाही. जॉब ग्रॅनाइटवर ठेवून निवू द्यावा; जाड कास्टिंगला काही तास लागतात. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येते. ड्रायर आणि फिल्टर नीट नसले तर ते एअर बेअरिंगपर्यंत (हवेच्या पातळ थरावर अक्ष सरकवणाऱ्या भागापर्यंत) पोहोचते आणि अक्ष अडखळू लागतात. रिपोर्टमध्ये प्रत्येक डेटम प्रतलापुढे फिटचा प्रकार, बिंदूंची संख्या आणि जॉबचे तापमान लिहावे.