आठवड्याला एकच गोळी? लेप्टोचं गणित

"आठवड्याक एक गोळी खावन काय होतला?" लावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गातल्या वाड्यांवर आशाताईंना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. साध्या घशाच्या दुखण्याला डॉक्टर पाच दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या देतात, आणि लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे माणूस दगावू शकतो असा जिवाणूंचा ताप असलेला लेप्टो, होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदाच? मग गोळी पुडीसकट फळीवर जाते आणि तिथेच राहते.

मला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटत नाही. तो फार नेमका आहे, आणि त्याचं उत्तर आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकावर नसतं. या गोळीतलं प्रतिजैविक, डॉक्सिसायक्लिन, रक्तात गेलं की साधारण १८ ते २२ तासांत निम्मं होतं. तीन दिवसांनी जेमतेम बारावा हिस्सा उरतो, आणि सात दिवसांनी सुमारे तीनशे चाळिसावा. म्हणजे पुढच्या गोळीच्या वेळी आधीची अंगात नसल्यातच जमा. तरीही ही पद्धत उपयोगी पडते. कशी, ते पाहायला आधी चिखलात उतरावं लागेल.

लेप्टो उंदीर चावल्याने होतो ही समजूत अजून गेलेली नाही. चावा जवळपास गैरलागूच आहे. लेप्टोस्पायरा हा जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांमध्ये थर करून राहतो, बहुधा उंदराच्या मरणापर्यंत. उंदराला त्याचा काही त्रास नाही. तो बांधावरून फिरतो, लघवी करतो, आणि जिवाणू कुणग्यातल्या, म्हणजे भाताच्या खाचरातल्या, पाण्यात उतरतात. गुरं, कुत्री, डुकरं यांच्या लघवीतूनही ते येतात. कोरड्या उन्हात हा जिवाणू लवकर मरतो, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मात्र आठवडेच्या आठवडे टिकतो. जून ते ऑक्टोबर कोकणात ओल्या मातीची कमतरता कधी असते?

आता त्याची चाल. जाडी मायक्रोमीटरचा दहावा भाग, लांबी त्याच्या शंभरेक पट, टोकं आकड्यासारखी वाकलेली, आणि अंग पीळदार. बहुतेक पोहणाऱ्या जिवाणूंची शेपटी अंगाबाहेर असते. याची दोन आवरणांच्या मधे असते. ती आत फिरली की सगळा जिवाणूच स्वतःभोवती फिरत पुढे सरकतो, दाट द्रवातसुद्धा. सकाळपासून पाण्यात असलेल्या पायाची कातडी पांढरी, सुरकुतलेली आणि मऊ पडलेली असते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, तरवा (भाताची रोपं) काढताना हातावर बारीक ओरखडे उठलेले असतात. इतकी दारं उघडी असताना चाव्याची गरजच काय?

"गमबूट वापरा" हा सल्ला इथेच लटका पडतो. गुडघाभर चिखलात गमबूट घालून लावणी करून पाहावी. पाय वर येतो, बूट खालीच राहतो. गोठ्यात, नाल्यात, कापणीच्या ओल्या शेतात बूट उपयोगी आहेतच, पण लावणीपुरतं तरी गोळीचं काम गमबुटावर ढकलता येत नाही.

आता गणित. ते ढोबळ आहे, पण मला अतिशय आवडतं.

समजा, चिखल्यांमधून १०० जिवाणू आत गेले. पोषक द्रवात लेप्टोस्पायरा साधारण सहा-आठ तासांत दुप्पट होतो. पटकी किंवा हगवणीच्या जिवाणूंच्या मानाने ही चाल मंदच, त्यांचं अर्ध्या तासाच्या आत उरकतं. आपण आठ तास धरू. अंगात सुमारे पाच लिटर, म्हणजे ५,००० मिलिलिटर रक्त. एका मिलिलिटरमागे दहा हजारांच्या वर जिवाणू गेले की आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते, असं रुग्णांच्या रक्ततपासण्यांतून दिसलेलं आहे. म्हणजे एकूण पाच कोटी. शंभराचे पाच कोटी व्हायला १९ वेळा दुप्पट व्हावं लागतं. १९ गुणिले ८, म्हणजे १५२ तास, सव्वासहा दिवस. प्रत्यक्षात शरीर प्रतिकार करतं, म्हणून वेळ आणखी लागतो. लेप्टोची लागण होऊन ताप यायला बहुधा ५ ते १४ दिवस जातात, त्याच्याशी हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो.

आता यात गोळी घाला. डॉक्सिसायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमला चिकटतं. तिथे प्रथिनं तयार होतात, ती थांबली की वाढ थांबते. जिवाणू लगेच मरतोच असं नाही, पण वाढ खुंटलेल्या जिवाणूंचा निकाल शरीराच्या पेशी लावू शकतात. गोळीचा जोर पहिले तीन दिवस धरू. मग पुढच्या गोळीपर्यंत चार मोकळे दिवस राहतात. अगदी वाईट वेळी, म्हणजे जोर ओसरल्याबरोबर लागण झाली, तर चार दिवसांत १२ वेळा दुप्पट, १०० चे झाले चार लाख. पाच लिटरमध्ये विभागले तर मिलिलिटरमागे ८०. दहा हजारांच्या जवळपासही नाही. आणि तेवढ्यात दुसरी गोळी पोटात जाते. भाताची बेणणी रोज कोण करतं? तण डोक्यावरून जाण्याआधी हात फिरला म्हणजे झालं.

यातून आणखी एक गोष्ट निघते. गोळीने लागण थांबलीच पाहिजे असं नाही, फक्त आजार थांबायला हवा. शरीराला ते चार लाख दिसले तर ते प्रतिपिंडं, म्हणजे जिवाणूंशी लढणारी प्रथिनं, बनवणारच. आणि अंदमानात नेमकं हेच आढळलं. तिथल्या चाचणीत (निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले) गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही गटांच्या रक्तात लागणीच्या खुणा सारख्याच होत्या, पण आजारी पडले ते ३.११ टक्के विरुद्ध ६.८२ टक्के. त्याआधी १९८४ साली पनामाच्या जंगलात सराव करणाऱ्या सुमारे ९४० अमेरिकी सैनिकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली होती. आठवड्याला २०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत एक रुग्ण, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत वीस. सगळ्या चाचण्या एकत्र मांडून पाहणारे तज्ज्ञ या पुराव्याला भक्कम म्हणायला कचरतात, हेही सांगितलं पाहिजे. सैनिक तीन आठवडे जंगलात असतात, शेतकरी बाई दर पावसाळ्यात त्याच चिखलात. तेव्हा "गोळी घेतली, आता लेप्टो होणारच नाही" असं व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. गोळी धोका कमी करते. ती बारमाही खायचीही नाही. जोखमीचे आठवडे सोडून खात राहिलं तर पोटातले दुसरेच जिवाणू औषधाला निर्ढावतात.

दिवस मात्र चुकवायचा नाही. चारचे अकरा मोकळे दिवस झाले की वरचं सगळं गणित कोसळतं. म्हणूनच चांगल्या आशाताई गोळी हातात देऊन जात नाहीत. बांधावर येतात, लावणीवालीचे हात चिखलात असतात म्हणून २०० मिलिग्रॅमची मात्रा थेट तिच्या तोंडात टाकतात, बाटली ओठाला लावतात आणि "काकी, गिळा बघू माझ्यासमोर" म्हणतात. पोटात काहीतरी असताना, भरपूर पाण्याबरोबर, आणि गिळून लगेच आडवं व्हायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे भाजल्यासारखी जखम करते. दुधाबरोबर नको, कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ही गोळी देत नाहीत.

गोळीच्या पलीकडे उंदीर आहेतच. एकट्याने आपल्या बांधावरची बिळं बुजवली तर आठवड्यात शेजारच्या बांधावरचे उंदीर राहायला येतात. ही मोहीम शिवारभर एकाच वेळी व्हावी लागते, तीही पावसाआधी, शेतात खायला कमी असताना. म्हणजे आमिष खाल्लं जातं. ग्रामसभेत हे मान्य व्हायला वेळ लागत नाही. बांधाचे वाद असलेल्या भावकीकडून करून घ्यायला लागतो.

आणि कावीळ. लेप्टो बिघडला की डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते, आणि नेमकं तेव्हाच माणूस कावीळ उतरवणाऱ्याकडे नेला जातो. हात चोळून चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळं होतं, कावीळ उतरल्याची खूण म्हणून. हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असला की चुन्याच्या पाण्यात तो पिवळा होणारच, निरोग्याचे हात असले तरी. करमणूक म्हणून ठीक आहे, पण मूत्रपिंडं बंद पडायला लागलेल्या माणसाचे दोन दिवस त्यात जातात.

सुरुवातीची लक्षणं लावणीच्या अंगदुखीत लपतात. ताप, डोकेदुखी, लालभडक डोळे आणि पोटऱ्या दाबल्या तरी कळ येणं, हे एकत्र दिसलं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. तिथे पहिल्या आठवड्यातली प्रतिपिंडांची तपासणी "निगेटिव्ह" आली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण तोवर रक्तात प्रतिपिंडं पुरेशी जमलेलीच नसतात. डॉक्टर लक्षणांवरून उपचार सुरू करतात ते यामुळेच. चार दिवस लावणीला गावी येऊन गेलेल्या चाकरमान्याला ताप येतो तो दहा दिवसांनी डोंबिवलीत. तिथल्या डॉक्टरला समोर दिसतो तो ऑफिसात बसणारा माणूस. शेतात कोणत्या तारखेला उतरलो होतो, हे डॉक्टरने विचारण्याआधीच चाकरमान्याने सांगायचं असतं.