बधिर पाऊल व चालणे

बधिर पाऊल : परिघीय (मेंदू व मज्जारज्जूच्या बाहेरील) मज्जातंतूंच्या विकारात स्पर्श, वेदना व उष्णता यांची जाण मंदावलेले पाऊल. मधुमेह व कुष्ठरोग ही मुख्य कारणे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव (मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत ती संभवते), मद्यपान आणि क्षयावरील आयसोनियाझिड ही इतर. आरंभ बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासून होतो : मुंग्या, रात्री तळव्यांची आग, पुढे चप्पल निसटली तरी न कळणे. तपासणीत दहा ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. तो जाणवला नाही तर व्रणाचा धोका धरावा.

मधुमेहाने मज्जातंतू बिघडतात की मज्जासंस्थेच्या बिघाडाने मधुमेह होतो, हा एकोणिसाव्या शतकातला वाद. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी मेंदूच्या चौथ्या विवराच्या (पोकळीच्या) तळाशी टोचून प्राण्यांच्या लघवीत साखर आणली, त्यामुळे दुसऱ्या मताला जोर आला होता. फ्रेंच वैद्य मार्शाल द काल्व्ही यांनी १८६४ च्या सुमारास उलटा क्रम (आधी मधुमेह, मग मज्जातंतूंचा बिघाड) मांडला, तोच टिकला. तळव्याच्या व्रणाविषयीही असेच मतांतर होते. कुष्ठरोग मांस ‘खातो’ ही समजूत वैद्यकातही रुळलेली होती. वेल्लोर येथे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड व सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवले की, वेदना नसल्याने एकाच जागी हजारो पावलांचा दाब पडत राहतो आणि आतली ऊती फुटते. जंतू मागाहून येतात. रक्तपुरवठ्याचा वाटा मधुमेहात अधिक असतो, तरीही दाबाचे कारण दोन्हीकडे लागू पडते.

पादत्राणाचे शास्त्र यातूनच आले. आत मायक्रोसेल्युलर (सूक्ष्म छिद्रांच्या) रबराचा मऊ थर (कठीणपणा शोअर या मापाने सुमारे १५, जाडी १० ते १२ मिमी.), खाली काटा न शिरणारा कठीण तळ, मागे टाचेचा पट्टा. जोडणी शिवण व डिंकाने, खिळा वर्ज्य. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तो गंजतो, मोडतो आणि टोक आत येते. अंगठ्यात अडकवायची रबरी चप्पल बधिर पायाला वाईट : ती धरून ठेवायला बोटे वाकतात व पट्टीने बेचक्यात जखम होते. नवा जोड पहिल्या दिवशी तासभरच घालावा. काढल्यावर लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर तेथे दाब आहे. हाताच्या अंगठ्याने दाबलेले रबर पुन्हा वर येत नसेल तर थर बदलावा.

कोकणात वर्षभर पायाखाली धोका असतो. एप्रिल-मेचा तापलेला कातळ अनवाणी पायाला न कळता भाजतो. खडपातल्या (खडकाळ किनाऱ्यावरच्या) कालवांच्या शिंपा धारदार असतात. पावसात जांभ्याच्या पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) शेवाळ धरते. लावणीच्या चिखलात तासन्‌तास उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यातून जंतू शिरतात. गमबूट घातल्यास आधी उपडा करून खडा झटकावा व आत हात फिरवावा. कुष्ठसेवेत पाय १५-२० मिनिटे पाण्यात ठेवून घट्टे घासणे व तेल लावणे सांगितले जाते. मधुमेहाच्या अलीकडील सूचना भिजवणे टाळतात. पावसाळ्यात दुसरे मत अधिक पटते. खोबरेल तळव्याला लावावे, बेचक्यांत नाही. न्हाणीतले पाणी पायाने न तपासता कोपराने तपासावे.

तोल जाण्याचे कारण स्थितीची (पाय कोठे व कसा आहे याची) जाण हरवणे. डोळे उघडे असताना दृष्टी ती उणीव भरून काढते (पाय जुळवून डोळे मिटून उभे करण्याच्या रोम्बर्ग चाचणीचा हाच आधार), म्हणून तोंडाला साबण लावताना आणि वीज गेलेल्या पडवीत माणसे पडतात. भिंतीला बोट नुसते टेकवले तरी शरीराचा झोल कमी होतो. उशाशी विजेरी असावी. काठीची मूठ मनगटाच्या घडीला यावी; ती अशक्त पायाच्या विरुद्ध हातात धरतात. पाखाडी चढताना सशक्त पाय आधी, उतरताना अशक्त पाय व काठी आधी.

एक पाऊल अचानक लाल, गरम व सुजलेले दिसले, दुखणे मात्र फारसे नसेल, तर ते शार्को पाऊल असू शकते : हाडे व सांधे आतून ढासळतात. दोन्ही पावलांच्या तापमानात सुमारे २ अंश सेल्सिअसचा फरक ही खूण. मुरगळ किंवा हत्तीरोग समजून चोळणे व चालत राहणे घातक ठरते. भार पूर्ण काढून प्लॅस्टर घालावे लागते, बहुधा काही महिने.